एमबीबीएस टेबल, लातूर

२८ एप्रिल, सकाळी

निश्चय झाला. ऑनलाइन धंदा करायचा. जुनं सामान घेणे आणि विकणे. दुकान नको, नोकर नको. मोबाइल आहे, डोकं आहे.

डोकं असं चाललं. आमच्या गल्लीत माणसं कमी आणि क्लासची पोरं जास्त. मेमध्ये नीटचा पेपर झाला की ही पोरं खोल्या सोडून गावाकडं जातात. टेबल, खुर्ची, कूलर कुठं नेणार? मिळेल त्या भावात टाकून जातात. जूनमध्ये नवीन पोरं येतात, त्यांना हेच सामान पाहिजे असतं. मधला महिना मोकळा आहे. तिथं मी. लातूरमध्ये आजवर हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं नवल वाटतं.

शिवगंगाला सांगितलं. ती म्हणाली, कोपऱ्यावरचे तिघं-चौघं हेच करायलेत की. बायकोला धंद्यातलं सगळं सांगू नये. तरी सांगितलं की ते ऑफलाइन आहेत.

नात राजकन्या आमच्याकडे राहून नीटचा अभ्यास करते. तिच्याकडून मोबाइलमध्ये ॲप टाकून घेतलं. तिचा पेपर पुढच्या रविवारी आहे. म्हणून दुसरा निश्चय: पेपर होईपर्यंत तिला कशासाठीही हाक मारायची नाही.

२८ एप्रिल, दुपारी

हाक मारावी लागली. पासवर्ड विसरलो होतो.

३० एप्रिल

सकाळी अकराच्या सुमाराला ग्लास पडला. सगळ्यांना अंगणात काढलं.

त्र्याण्णवच्या भूकंपापासून मी घरात एका पालथ्या ग्लासावर दुसरा पालथा ग्लास ठेवतो. जमीन हलली की वरचा पडतो, आवाज होतो, आपण बाहेर. तेव्हा आमच्या गावात सगळेच ठेवायचे. लोक विसरले. मी विसरलो नाही. सध्या ग्लास राजकन्याच्या टेबलावर असतो, कारण घरात तेवढी भक्कम वस्तू दुसरी नाही.

राजकन्या पुस्तक घेऊनच बाहेर आली आणि उन्हात उभी राहून वाचत राहिली. म्हणाली, आप्पा, या महिन्यात कितव्यांदा. मी म्हणालो, ते जमिनीला विचार.

१ मे

पेपरात काही आलेलं नाही. बारीक धक्के छापत नाहीत. लोक घाबरतील म्हणून.

५ मे, रविवार

राजकन्याला सेंटरवर सोडलं. गेटवर पोरींना कानातलंसुद्धा काढायला लावत होते. मी तिला समजावत होतो की घाबरायचं नाही, घाबरलं की येत असलेलं विसरतं, विसरलं की मार्क जातात, मार्क गेले की वर्ष जातं, म्हणून अजिबात घाबरायचं नाही. शिवगंगाने मागून माझा सदरा ओढला. तिला शिक्षणातलं कळत नाही.

आत गेल्यावर मी गेटवरच उभा राहिलो. सावलीत चला म्हणून शिवगंगा मागे लागली होती. पण पोरीला खिडकीतून दिसलो तर धीर येईल.

संध्याकाळी बाहेर आली. कसा गेला विचारलं. म्हणाली, बरा.

बरा. म्हणजे आनंद आहे पण गर्व नाही. सहाशेच्या वर धरायला हरकत नाही. हनुमंतला फोन केला. हनुमंत म्हणजे माझा मुलगा, राजकन्याचा बाप, शिरूर अनंतपाळला शाळेत क्लार्क आहे. त्याला सहाशे सांगितले. तो म्हणाला, ती म्हणाली का तसं? मी म्हणालो, तोंडावरून कळतंय.

८ मे

माल भरला. टेबलं, खुर्च्या, कूलर, एक लोखंडी पलंग. अंगण भरून गेलं. पोरं धडाधड देऊन गेली. एकाशी भाव करायला बसलो तर म्हणाला, काका, काय द्यायचं ते द्या, माझी बस हाय. असा झटपट निर्णय घेणारी माणसं धंद्यात पाहिजेत.

टेबलांवर पोरांनी काय काय लिहून ठेवलंय. बहुतेक फॉर्म्युले. एकावर कर्कटकाने कोरलंय, आई फक्त दोन महिने. पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. निघालं नाही. वर कूलर ठेवला.

१० मे

उठून बघतो तर प्रत्येक टेबलावर शिवगंगाच्या कुरडया. मालाचे फोटो काढायचे होते. बोललो तर म्हणाली, वाळवण उन्हाळ्यातच असतंय, तुमचा धंदा बाराही महिने हाय. अंगण तुमच्या टेबलांनी खाल्लं, मग मी काय डोक्यावर वाळवू?

कुरडयांसकट फोटो काढले. यातही फायदाच आहे. वजन पेलतंय हे गिऱ्हाइकाला दिसेल.

११ मे

ॲपवर पाच चौकशा. पाचही कुरडयांच्या. गव्हाच्या का? किलो काय भाव? घरपोच मिळतील का?

कुणालाही उत्तर दिलं नाही. मी फर्निचरमध्ये आहे.

१३ मे

पहिलं खरं गिऱ्हाईक. उदगीरकडचा माणूस, पोराला क्लास लावायला आलेला. टेबल पसंत पडलं. मग विचारलं, यावर बसणाऱ्याचा नंबर लागला का? मी म्हणालो, रिझल्ट जूनमध्ये आहे. म्हणाला, मग लागल्यावर फोन करा.

त्याला समजावलं की अभ्यास पोरगं करतं, लाकूड करत नाही. तो म्हणाला, ते मलाबी कळतंय हो आप्पा. पण एवढी फी भरली, आता लाकडाचंबी बघावं लागतंय.

तो गेल्यावर विचार केला. माणूस बरोबर बोलला. समोरच्या हॉस्टेलवाल्याने पाटीच लावलीय, या खोलीतून तीन डॉक्टर. खोलीचं चालतं तर टेबलाचं का नाही? अडचण एवढीच की माझ्या मालाच्या मालकांचे रिझल्ट अजून लागायचेत. आज लातुरात माझ्या खात्रीची डॉक्टर एकच. ती माझ्या घरात आहे.

१४ मे

राजकन्याचं टेबल ॲपवर टाकायचं ठरवलं. तिचा अभ्यास संपला. टेबल नुसतं ग्लासासाठी अडलंय.

टेबल साधं नाही. सागवानी आहे. औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांचं होतं. मी तिथं शिपाई. सकाळी शाळा उघडली की पहिलं काम हे टेबल पुसायचं. भूकंपात शाळा बसली आणि ढिगातून हे निघालं. एक पाय जरासा दुखावला होता, बाकी जसंच्या तसं. मोडक्या सामानाच्या लिलावात मी ते उचललं. यावर हनुमंत शिकला, क्लार्क झाला. राजकन्या शिकली, डॉक्टर. मी स्वतः चौथीपर्यंत. तेव्हा टेबल नव्हतं.

राजकन्या म्हणाली, आप्पा, अशा वस्तूला व्हिंटेज म्हणतेत. जुनी झाली तशी किंमत वाढलेली. मी म्हणालो, मग मलापण टाक ॲपवर. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग मी मजकूर सांगितला. व्हिंटेज सागवानी टेबल. भूकंपात न मोडलेलं. यावर अभ्यास करून मुलगी एमबीबीएसला लागली.

तिने भूकंपापर्यंत टाइप केलं आणि थांबली. म्हणाली, आप्पा, रिझल्ट तरी लागू द्या. मी म्हणालो, लागणारच आहे, मग चार दिवस आधी काय नि नंतर काय. मोबाइल माझ्या हातात देऊन आत गेली. लाजाळू आहे.

उरलेलं वाक्य मी एका बोटाने टाइप केलं. वेळ लागला, पण जमलं. टेबलावर ठेवलेल्या वाळक्या कुरडया सारून फोटोही काढला.

१८ मे

विकलं. सांगितलेल्या भावात, एक शब्द न बोलता.

नांदेडचे वसंतराव. बँकेत साहेब आहेत. मुलगी देविका, यंदा बारावीला. टेम्पो घेऊनच आले होते. म्हणाले, नांदेडला क्लास पुष्कळ आहेत आप्पा, पण म्हटलं टेबल लातूरचं पाहिजे. रिझल्ट लागायचाय हे त्यांनाही माहीत होतं, आन्सर-की लावून किती मार्क होतात ते विचारलं. सहाशे बारा म्हणालो. बारा कुठून आले सांगता येणार नाही, पण नुसते सहाशे खोटे वाटतात.

वसंतराव टेबलाच्या पाया पडले. मुलीलाही पडायला लावलं. मुलगी बारीक आवाजात म्हणाली, दीदी कुठंय? दीदी शेजारी गेलीय म्हणून सांगितलं. दीदी आतल्या खोलीत होती, आतून कडी लावून. एवढ्या यशानंतर माणसात यायला अवघड वाटत असेल.

टेबल उचललं तेव्हा एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी निघाली. शिवगंगाने ती उचलून कमरेला खोचली. कशाची म्हणून विचारलं तर म्हणाली, काही न्हाई. नंतर स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. कांदा चिरायचा होता बहुतेक.

१९ मे

ग्लास फ्रीजवर ठेवला. फ्रीज थरथरतो, ग्लास सारखा पडतो. दर वेळी अंगणात जाणं शक्य नाही, तिथं कुरडया आहेत. शेवटी ग्लास खाली फरशीवर ठेवला.

२६ मे

फरशीवर ठेवल्यापासून ग्लास एकदाही पडलेला नाही. धक्के थांबले म्हणायचे.

५ जून, सकाळी

आज रिझल्ट. साइट उघडत नाही. पेढे आणून ठेवले.

दुपारी

लागला म्हणतात.

संध्याकाळी

तीनशे अठ्ठावन्न.

हे कॉम्प्युटरचं काहीतरी आहे. दहा-बाराचा फरक असता तर समजलो असतो.

६ जून

राजकन्या म्हणाली, कॉम्प्युटरचं न्हाई आप्पा, मला त्याच दिवशी माहीत होतं. मी म्हणालो, तू तर बरा म्हणालीस. ती म्हणाली, तुम्ही दिवसभर उन्हात उभे होता. मग काय म्हणू?

पेढे शिवगंगाने शेजारी वाटून टाकले. कशाचे म्हणून विचारलं तर लोकांना सांगत होती, उगीच.

९ जून

निर्णय: रिपीट. एक वर्ष म्हणजे काही नाही. लातुरात निम्मी पोरं रिपीटर आहेत. हनुमंतला फोन करून कळवलं. तो म्हणाला, राजकन्याशी बोलून बघतो. मी म्हणालो, तिच्याशी काय बोलायचंय, अभ्यास तर तिलाच करायचाय.

शिवगंगा म्हणाली, आणि बसणार कशावर?

हा मुद्दा माझ्या लक्षात होताच.

१२ जून

धंद्याला एकदम तेजी. सकाळी अहमदपूरची एक मुलगी बापाला घेऊन दारात. म्हणाली, काका, माझी खुर्ची हाय का अजून? बाप रस्त्याकडं तोंड करून उभा होता. मुलीने स्वतःच्या हाताने शिवलेल्या गादीवरून खुर्ची ओळखली. घेतली त्याच भावात देऊन टाकली. याला गुडविल म्हणतात.

मग रांगच लागली. मेमध्ये विकून गेलेली पोरं, आपापलं टेबल शोधत. तो कर्कटकवाला पण आला. कूलर उचलून खालचं वाचलं. म्हणाला, काका, हेच. दुसऱ्याला देऊ नका, चार वाजता आईला घेऊन येतो. मी म्हणालो, आई यायच्या आत वर काहीतरी अंथर. शिवगंगाने चादर दिली. चादरीचे पैसे लावले नाहीत.

१४ जून

अंगण रिकामं. सगळा माल ज्याचा त्याला गेला. नफा म्हणाल तर नाही, पण टर्नओव्हर झाला.

गल्लीतले सगळे रिपीटर टेबलाला बसले. आमची तेवढी जमिनीवर, मोबाइल बघत. रविवारी नांदेडला जाऊन टेबल परत आणायचं. मुद्दे काढून ठेवले. ठाम बोलायचं.

१६ जून, नांदेडहून परत येताना, बसमध्ये

टेबल आणलं नाही. परिस्थिती वेगळी होती.

वसंतरावांनी टेबल पूर्वेला तोंड करून ठेवलंय. हळदीकुंकू लावलंय. सकाळी उदबत्ती. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, राजकन्या दीदी ६१२. मी तिकडं पाठ करून बसलो, तर समोर आरसा.

वसंतराव म्हणाले, दीदीला कॉलेज कोणतं मिळेल? मी म्हणालो, ॲडमिशनचे राउंड व्हायचेत. हे खरंच आहे, राउंड व्हायचेच आहेत.

मग विषय काढला. म्हणालो, टेबल जरा रिपेअरला न्यावं म्हणतो. देविका पटकन म्हणाली, हाव काका, लिहिताना लई हलतंय. वसंतराव तिला म्हणाले, दीदीला हललं नसेल का? आले ना सहाशे बारा? जसं होतं तसंच ठेवायचं. हात लावायचा नाही. मी म्हणालो, आमच्याकडं तर कधीच हललं नाही.

एवढ्यात पोहे आले. पोहे खाताना ठाम बोलता येत नाही.

निघताना देविकाने राजकन्याचा नंबर मागितला. दिला. नाही तर संशय आला असता.

२० जून

राजकन्या फोनवर बराच वेळ बोलत होती. मध्येच हसत होती. कोण म्हणून विचारलं, तर देविका म्हणाली. गाइडन्स चालू दिसतोय. हिला मुळात शिकवण्याची आवड आहे. अभ्यासाला मदतच होईल.

२४ जून

वसंतराव आले. न सांगता, टेम्पो घेऊन. टेम्पोत टेबल.

राजकन्याने देविकाला खरे मार्क सांगून टाकलेत. केव्हाच. विसाव्या तारखेच्याही आधी.

वसंतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, आप्पा, मी रोज पाया पडत होतो हो त्याच्या. पोरीला उठवून पाडत होतो. मी म्हणालो, टेबल सागवानी आहे, त्यात फसवणूक नाही. ते म्हणाले, टेबलाबद्दल कोण बोलून राहिलं?

त्यांचे पैसे शिवगंगाने आतून आणून दिले. मोजून तयार ठेवले होते. हिला कसं माहीत होतं कुणास ठाऊक.

देविका बापाबरोबर आली होती. ती थेट आतल्या खोलीत राजकन्याकडं गेली. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. बाहेर चहा आला. वसंतराव चहा घेऊन उठले. शिवगंगाने त्यांना कुरडया बांधून दिल्या. त्या मात्र त्यांनी घेतल्या.

थोडक्यात, टेबल परत आलं. ठरवल्याप्रमाणेच झालं, रस्ता जरा वेगळा. उद्यापासून राजकन्याने पहाटे पाचला बसायचं. मी उठवणार.

२५ जून

पहाटे पाचला उठवलं. ती उठलेलीच होती. बॅग भरत होती.

पुढच्या मंगळवारी नांदेडला नर्सिंगला जातेय. फॉर्म भरून झालाय. हनुमंतला माहीत. शिवगंगाला माहीत. देविकाला माहीत, तिच्याच गल्लीत खोली बघून ठेवलीय. मी म्हणालो, मला का नाही सांगितलं? शिवगंगा म्हणाली, तुमाला सांगितलं असतं तर तुमी ॲपवर टाकलं असतं.

राजकन्याला समजावलं. एक वर्ष, फक्त एक वर्ष, टेबलसुद्धा परत आलंय. ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, आप्पा, भूकंपानंतर तंबूत तुमच्या डोक्याची पट्टी रोज कोण बदलायचं? डॉक्टर एकदाच दिसला म्हणून तुम्हीच सांगता. रोज कोण यायचं?

मी म्हणालो, सिस्टर यायच्या. पण तो मुद्दा इथं लागू नाही.

ती म्हणाली, बरं. आणि राहिलेले कपडे भरले.

२ जुलै, दुपारी

राजकन्या सकाळच्या बसने गेली. स्टँडवर मी काही समजावलं नाही. शिवगंगाने माझा सदरा आधीच धरून ठेवला होता.

टेबल पुन्हा ॲपवर टाकलंय. मजकूर राजकन्या जाताना टाइप करून गेली. जुनं सागवानी टेबल. एक पाय हलतो. बाकी चांगलं. एवढंच. मी एका बोटाने काही जोडलं नाही. फोटो जुनाच ठेवला.

हे त्याच टेबलावर लिहितोय. एवढी वर्षं पुसलं, हलवलं, लिलावात घेतलं, विकलं, परत घेतलं. बसलो आज. हेडमास्तर उंच होते, मला जरा वर पडतं. गुडघा ड्रॉवरला लागतो. आणि हलतं. पेन टेकवलं की टेबल एका अंगावर जातं, उचललं की परत येतं.

शिवगंगाने पुठ्ठ्याची ती घडी आणून पायाखाली सरकवली. म्हणाली, पोरीनंच केली होती. लिहिता लिहिता निसटायची, आणि ग्लास पडायचा. मी म्हणालो, म्हणजे एप्रिलमधले धक्के? ती म्हणाली, कसले धक्के.

मी म्हणालो, मग मला सांगायचं ना. शिवगंगा म्हणाली, मी सांगणार होते. पोरगी म्हणाली, नको, आप्पा जीव वाचवायला बाहेर काढतेत, काढू दे.

पेपरच्या आधीच्या आठवड्यात किती वेळा उन्हात उभी केली तिला, ते आता आठवत नाही.

पुठ्ठा काढून बघितला. ग्लासावर ग्लास ठेवला आणि वरच्या दोन ओळी लिहिल्या. पडला. घरंगळत दारापर्यंत गेला. बाहेर काढायला कुणी नव्हतं. आम्ही दोघं बसून राहिलो.

आत्ताच मोबाइल वाजला. ॲपवर टेबलाखाली चौकशी आलीय. शिवगंगाला म्हणालो, बघ, गिऱ्हाईक. चष्मा लावून वाचलं. फोटोत टेबलाच्या कडेला दोन कुरडया राहून गेल्यात. किलोचा भाव विचारलाय.

शिवगंगाला विचारून उत्तर दिलं.